मल्टी आणायचे की ओसी? शंखातल्या माशांविषयी विचारणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीला अजून ओसी मिळालेली नाही, पण माझ्या हॉलमध्ये चार वर्षांपासून ओसी आहेत. हा विनोद मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकदा ऐकवतो आणि बायको दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाते. सोसायटीची ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. माझे ओसी म्हणजे लॅम्प्रोलॉगस ओसेलॅटस, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला सिक्लिड कुळातला दोन इंची मासा, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारा. त्यांच्या आधी तीन वर्षं माझ्याकडे त्याच सरोवरातले मल्टी होते, म्हणजे निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. तेही शंखातलेच, पण अंगाने आणखी लहान. जगातल्या सगळ्यात छोट्या सिक्लिडांत त्यांची गणती होते. मादी इंचभराच्या थोडी पुढे गेली की तिची वाढ संपली.

मला विचारणारे बहुतेक एकाच वाटेने आलेले असतात. आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरातले रंगीत म्बुना सिक्लिड पाळून झालेले, चार फुटी टाकीचा आणि रोजच्या मारामाऱ्यांचा कंटाळा आलेला, पण आफ्रिकन सिक्लिडचं वेड काही सुटत नाही. मग कुठेतरी शंखातून डोकं काढून बघणारा बोटभर मासा दिसतो आणि फोन येतो. मल्टी घेऊ की ओसी? दोन्ही एकत्र चालतील का?

एकत्र नको. मोठ्या टाकीत दोन टोकांना दोन वसाहती ठेवणारे लोक आहेत. माझी टाकी तीन फुटी, आणि तेवढ्या जागेत ओसीचा नर मल्टींना सुखाने राहू देईल असं मला वाटत नाही. मी प्रयोग केलेला नाही आणि करणारही नाही. तेव्हा दोघांतला एकच निवडायचा आहे असं धरून पुढचं वाचा. टाकी सायकल करणं (मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढू देणं), क्लोरीन घालवणं, नवे मासे आठवडाभर वेगळे ठेवणं ही बाराखडी तुमची झालेली असणार.

आधी घराचं बघू, मासे नंतर. टांगानिका सुमारे १,४७० मीटर खोल आहे, पण या माशांचा संसार काठाजवळच्या वाळूवर. तिथे निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख लांबच लांब पसरलेले असतात. पाणी इतकं क्षारांचं की शंख लवकर विरघळत नाहीत, शेकडो वर्षं साठत राहतात. आजूबाजूला खडकांचा आडोसा नाही, वर भुकेले मोठे मासे, त्यामुळे ज्याला शंख त्याला जीव. या चढाओढीतून तिथे एकेक नमुने तयार झालेत. कॅलिप्टेरस नावाच्या त्यांच्या नातलगाचा नर मादीच्या दहा-बारा पट वजनाचा असतो, तोंडात धरून शंख गोळा करतो आणि कधीकधी शेजाऱ्याचा शंख आतल्या मादीसकट पळवून आणतो. हा मासा घरी आणायचा विचार करू नका, नुसतं ऐकून ठेवा.

निओथॉमाचे शंख आपल्याकडे मिळत नाहीत आणि अडतही नाही. माझे शंख आजोळचे आहेत. भाताची कापणी झाली की खाचरांच्या बांधांवर गोगलगायींचे उन्हाने पांढरे पडलेले शंख सापडतात. लिंबाएवढे, तोंड रुंद, आत फार वळणं नाहीत. पिशवीभर आणले, उकळले (हे काम घरात कुणी नसताना करा), टूथब्रशने घासले, संपलं. समुद्रकाठच्या दुकानांतले चकचकीत शंख घेऊ नका, त्यांच्यावर बहुधा वार्निश असतं. निमुळते, आत खोल गुंडाळत जाणारे शंखही नकोत. ते का नकोत ते पुढे येईलच.

शंखांची गरज मात्र दोघांची वेगळी. मल्टींना माणशी तीन तरी हवेत, म्हणजे टाकीचा अर्धा तळ शंखांचा ढीगच. ओसीला माणशी एक पुरतो, दोन म्हणजे चैन. माझ्या मल्टींच्या टाकीत पन्नासेक शंख होते, आता ओसींच्या टाकीत नऊ आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

वाळूत दोघांचीही दातओठ खाऊन खोदकामं चालतात. तीन इंचांचा थर घाला आणि मग आपल्या आवडीची मांडणी विसरून जा. बांधकामावरची क्रश सँड स्वस्त पडते म्हणून मी आधी तीच चाळून वापरली होती. ती दगड फोडून केलेली, कणांना धार. हे मासे दिवसभर तोंडाने वाळू उचलून थुंकत असतात, आणि एका मल्टीचे ओठ लालसर दिसल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. नंतर पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती गोल कणांची वाळू आणली. पॉवर फिल्टर वाळू ओढतो आणि त्याची चक्की घरघरायला लागते, म्हणून दोन स्पंज फिल्टर आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप. झाडं लावलीत तर ती सकाळी तरंगताना दिसतील. दगडाला बांधलेलं अनुबियास तेवढं टिकतं.

पाण्याच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. जड आणि अल्कधर्मी, बस. आमच्याकडे सिंहगड रोडच्या या बाजूला वर्षातले आठ महिने टँकर, आणि टँकर म्हणजे कुठल्यातरी बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर पांढरी खपली, गिझरची कॉइल दोन वर्षांत बाद, आणि तुरीची डाळ चार शिट्ट्यांत शिजली तर दिवाळी. हार्डनेस मोजायचा किट मी आणला होता, त्याची मुदत कधीच संपली. आता पातेल्याच्या बुडाचा थर बघतो. ज्या पाण्यात आईची डाळ शिजत नाही त्या पाण्यात हे मासे खूष असतात, हा माझा सात वर्षांचा ठोकताळा आहे. पावसाळ्यात टँकर थांबतात आणि धरणाचं मऊ पाणी येतं, तेव्हा मल्टींची नवी पिल्लं कमी दिसायची. पाण्यामुळे, की मी पावसात पाणी बदलायचा आळस करतो त्यामुळे, ते देव जाणे. पण तेव्हापासून कोंबडीखाद्याच्या दुकानातून शिंपल्यांची ग्रिट आणतो आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधून टाकीच्या कोपऱ्यात टाकतो. तुमच्याकडे मुंबईच्या तलावांचं किंवा कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी असेल तर ही पिशवी बारमाही समजा. मे महिन्यात पाणी बत्तीस अंशांना टेकतं. झाकण काढून टेबलफॅन लावायचा. दोघांनीही ते सोसलं आहे.

आता माशांकडे येऊ.

मल्टी म्हणजे जुना वाडा. एक मोठा नर, दोन-चार माद्या, हाताखालचे तरुण, वेगवेगळ्या वयाची पोरं, आणि सगळे एकमेकांच्या दारात. पहिली विण मोठी झाली तरी घर सोडत नाही. दुसरी येते, तिसरी येते, आणि मोठी भावंडं तिथेच, दोन शंख पलीकडे. शंखांच्या ढिगाभोवतीची वाळू उपसून ते टाकीच्या काचेपर्यंत खड्डा करतात आणि मधला ढीग एखाद्या टेकडीवरच्या वस्तीसारखा दिसतो. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की मुलगी मला वाड्यातल्या बातम्या सांगायची. अमक्याने तमक्याच्या दारात वाळू टाकली, तिने ती उचलून परत त्याच्या दारात टाकली. भांडण पंधरा मिनिटं चालायचं आणि कुणाला ओरखडाही नाही. मला वाटतं शांत, न संपणारी करमणूक हवी असेल तर मल्टींच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि हे मी आजही म्हणेन.

ओसीचं तसं नाही. ओसी म्हणजे कंपाउंड घातलेला बंगला आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’. प्रत्येकाचा एक शंख, शंखाभोवती वीतभर जागा, आणि त्या जागेत पाऊल टाकणाऱ्याशी वैर. मल्टी शंख उघडे करतात, ओसी शंख पुरतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते रात्रीचं जेवण टाकून पाहिलं. नव्या मादीसाठी एक शंख वाळूवर ठेवला होता. तिने आधी दोन फेऱ्या मारल्या, तोंड आत घालून बघितलं, शेपटीकडून आत शिरून बघितलं. मग बाहेर येऊन शंखाच्या खालची वाळू तोंडात भरायची आणि चार बोटं लांब जाऊन थुंकायची. वीस-पंचवीस खेपा झाल्यावर शंख एका बाजूला कलंडला. पुन्हा उकरणं, पुन्हा कलंडणं. तोंड वरच्या बाजूला तिला हवं तसं वळलं, तेव्हा तिने पवित्रा बदलला. शंखाकडे पाठ करून, अंग वाळूत रुतवून शेपटी अशी जोरात हलवली की वाळूचा फवारा थेट शंखावर. सकाळी उठून बघतो तर शंख गायब. वाळूत मुंगीच्या वारुळाला असावं तसं एक भोक, आणि भोकात दोन डोळे. त्या आठवड्यात मी तिच्यासाठी म्हणून आणखी एक शंख ठेवला. तो नराने मुळापासून पुरून टाकला, तोंडासकट. जास्तीचं बांधकाम चालणार नाही म्हणाला बहुतेक.

इथपर्यंत दोघांचं पारडं सारखं आहे, किंवा खरं सांगायचं तर मल्टींचं थोडं जडच. मग मल्टी का गेले?

मल्टी गेले कारण मल्टी शंखातून निघत नाहीत.

ही ओळ वाचून तुम्ही म्हणाल, अहो, शंखात राहणारा मासा शंखात राहणारच. मीही तसंच म्हणायचो. पहिलं वर्षभर त्याची गंमत वाटते. हात पाण्यात घातला की पन्नास शंखांत शुकशुकाट, टाकी रिकामी वाटावी. टाकीत किती मासे आहेत, असं कुणी विचारलं की मी ‘असतील पस्तीसेक’ म्हणायचो. सहा आणले होते. पस्तीस की साठ, ते मला तीन वर्षांत एकदाही कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी नाशिकचा एक मित्र आठ मल्टी न्यायला आला. शनिवार दुपार, परतीचं बुकिंग साडेसहाच्या बसचं. मी पिशव्या, रबरबँड, ऑक्सिजन सगळं तयार ठेवलं होतं. एक शंख उचलला, बादलीवर तोंड खाली करून धरला. पाणी गळलं, मासा नाही. हलवला. आतून खुळखुळ्यासारखा बारीक आवाज आला, मासा नाही. घाबरलेला मल्टी शंखाच्या अगदी शेवटच्या वेढ्यात जाऊन बसतो. त्याचं अंगच एवढंसं, त्याला तिथे जागा पुरते. निमुळते शंख नकोत म्हणालो ते यासाठी. माझ्या ढिगात तसलेही दहा-बारा होते. शंखाच्या पाठीला ड्रिलने भोक पाडून मागून फुंकर घालणारे लोक आहेत. मी एका रिकाम्या शंखावर ते करून बघितलं, त्याचे दोन तुकडे झाले. मग स्वयंपाकघरातली भाजी धुवायची चाळणी बादलीत अडकवली, शंख त्यात पालथे घातले, दिवा बंद केला आणि दोघे चहाला बाहेर जाऊन आलो. परत येऊन बघतो तर बादलीत तीन मासे. साडेपाचपर्यंत पाच. शंख करणे म्हणजे बोंब मारणे हे शाळेत शिकलो होतो, त्याचा अर्थ त्या शनिवारी कळला. मित्र पाच मासे घेऊन धावतपळत स्वारगेटला गेला आणि बस चुकली ती चुकलीच.

एवढ्यावर मी मासे बदलले नसते. पण त्या गडबडीत काही शंखांवर शेवाळ चढलेलं दिसलं. दोनदा पालथे घालून, हलवून, फुंकून, रिकामे आहेत अशी खात्री करून मी बारा शंख बाहेर काढले, धुतले आणि गॅलरीत वर्तमानपत्रावर उन्हात ठेवले. सोमवारी आई म्हणाली, गॅलरीत काहीतरी मेलंय. मला वाटलं उंदीर. एकेक शंख नाकाशी नेऊन बघितला. नवव्यात होतं. चिमट्याने ओढून काढली तर मादी, पोटाशी मुडपून घट्ट बसलेली, आणि तिच्यामागे मोहरीएवढं काहीतरी चिकटलेलं, ते मी नीट पाहिलं नाही. ती दोन दिवस आत बसून राहिली आणि मी बाहेर कपडे वाळत घालत होतो. मुलीला सांगितलं नाही.

त्यानंतर टाकीतला एकही शंख बाहेर काढायची हिंमत झाली नाही. शेवाळ चढलं तर चढू दे. एखादा मासा दिसेनासा झाला तर तो मेलाय की कोपऱ्यात आहे की मुळात होता की नव्हता, काही पत्ता नाही. पाणी जरा गढूळ दिसलं की आधी मनात यायचं, आत कुणी सडत तर नाही? मासे पाळण्यातली माझी निम्मी मजा माशांना ओळखण्यात आहे, आणि मल्टी स्वतःला माझ्यापासून वस्तीच्या मागे लपवून ठेवत होते. हा मल्टींचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, ते जे करतात त्यामुळेच ते जगलेत. पण मला ते झेपेना.

ओसींबरोबर हा प्रश्न येत नाही, निदान माझ्याकडे आलेला नाही. शंख नऊ, मासे सहा, प्रत्येकाचा पत्ता पाठ. मादी आत शिरते, पण अंगाने जाड असल्यामुळे लिंबाएवढ्या शंखात तिला तळ गाठता येत नाही, आत डोकावलं की पाठ दिसते. शंखाच्या तोंडावर अंगठा ठेवायचा, शंख उचलायचा, बादलीवर तिरपा करायचा, घसरून खाली येते. नर तर लपतच नाही. तो हातावर येतो. दोन इंची मासा अख्ख्या पंजावर धावून येतो, कल्ल्यांची झाकणं फुगवतो, त्यावरचा काळा डोळा वटारल्यासारखा दिसतो आणि नखाच्या कडेला कचकन चावतो. लागत नाही, पण माणूस दचकतो. माझ्या मेहुण्याने एकदा पाण्याचा तांब्या सोडून दिला होता.

हा स्वभाव फक्त माणसांपुरता असता तर ओसीचं कौतुकच केलं असतं. तो घरातही तसाच आहे. सुरुवातीला दोन फुटी टाकीत मी एक नर आणि दोन माद्या ठेवल्या. सहा आठवडे सगळं ठीक चाललं. मग एका मादीने अंडी घातली आणि नराने दुसरीला त्या घरातून उठवलं. ती हीटरच्या मागे, पृष्ठभागाजवळ, उभी राहायला लागली. मला वाटलं दोन दिवसांत मिटेल. तिसऱ्या सकाळी ती खाली होती, शेपटीची झालर फाटलेली. चूक माझीच, मी त्याच संध्याकाळी तिला हलवायला हवं होतं. आता तीन फुटी टाकीत मध्ये दगडांची आडवी ओळ घालून दोन नर दोन बाजूंना ठेवलेत. दोघे दगडाशी येऊन रोज एकमेकांना शिव्या देतात, पण सीमा पाळतात. ज्यांच्याकडे दोनच फूट जागा आहे त्यांनी एक जोडी ठेवावी, किंवा सरळ मल्टी आणावेत. मल्टींच्या तीन वर्षांत मी मारामारीने गेलेला एकही मासा पाहिला नाही. निदान मला दिसलेला नाही, आणि मल्टींच्या बाबतीत दिसणं म्हणजे काय ते वर सांगितलंच.

पिल्लांसाठी दोघांच्याही बाबतीत तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. अंडी शंखात, मादी दारात पंखा घालत बसते, आठ-दहा दिवसांनी शंखाच्या ओठावर पापणीच्या केसासारखी पिल्लं दिसतात. मल्टींची एका वेळी दहा-पंधरा, ओसींची माझ्याकडे वीसच्या पुढे मोजली आहेत. मोजली हा शब्द मुद्दाम वापरतोय. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची, ताजी फुटलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ पिपेटने शंखाच्या तोंडाशी सोडायची. पिल्लांची पोटं नारिंगी झाली की समजायचं पोचलं. मल्टींची पोरं तिथेच राहतात, वाढतात, वाड्यात मिसळून जातात. ओसीची मादी मात्र पुढची विण घालायच्या बेतात आली की आधीच्यांना हाकलायला लागते. पहिल्यांदा मी हे निष्ठुरपणा समजलो होतो. आता ती माझी घंटा आहे. तिने पोरांचा पाठलाग सुरू केला की मी नळीने त्यांना ओढून शेजारच्या छोट्या टाकीत घेतो, पोरं उघड्या वाळूवर असतात, दहा मिनिटांत काम होतं. विणीची जोडी कोण, पिल्लं कुणाची, किती जगली, सगळी वही माझ्याकडे आहे. मल्टींची वही पहिल्या पानावरच संपली होती.

खरेदीबद्दल थोडंसं. नेहमीच्या दुकानात यातलं काही सहसा नसतं. क्रॉफर्ड मार्केटच्या फेऱ्यांत मला ते एकदाच दिसले, तेही ‘शेल ड्वेलर’ अशी एकच पाटी आणि आत सगळी खिचडी. पाळणाऱ्याकडून घ्यावेत. मल्टी घेताना डोकं बघा. पट्टे कल्ल्यांच्या मागे थांबत असतील तर मल्टी, डोक्यावरही पट्टे असतील तर तो सिमिलिस, त्यांचाच शंखातला नातलग. तोही गोड आहे, पण दोन्ही एकत्र करू नका. मल्टींचे नर-मादी लहानपणी ओळखणं माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून सहा-आठ घ्या आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या. ओसींमध्ये मोठ्या झालेल्या नराच्या पाठीच्या पराला सोनेरी-नारिंगी काठ येतो, मादीच्या पराला पांढरा. नर अंगानेही मोठा. जोडी म्हणून दोन नर गळ्यात मारून घ्यायची वेळ त्यामुळे सहसा येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, आणि तेही माझ्या दोन टाक्यांपुरतं. तुम्हाला मासे कुणाला द्यायचे नसतील, मोजायचे नसतील, टाकी एकदा लावून वर्षानुवर्षं हलवायची नसेल, घरात लहान मुलं तासन्‌तास बघत बसणारी असतील, तर मल्टी घ्या, पस्तावणार नाही. भाड्याच्या घरात राहत असाल, बदलीची नोकरी असेल, पिल्लं वाढवून वाटायची हौस असेल किंवा रोज सकाळी सगळे दिसले पाहिजेत असा माझ्यासारखा किडा असेल, तर तीन फूट जागा काढा आणि ओसी आणा. मुंबईला किंवा दुसरीकडे बदली झाली तर ओसींचं बिऱ्हाड एका बादलीत मावतं.

माझे मल्टी कुठे गेले, असंही लोक विचारतात. ते त्याच नाशिकच्या मित्राकडे आहेत. या खेपेला तो बसने आला नाही, गाडी घेऊन आला. आम्ही एकही शंख पालथा घातला नाही. पन्नासच्या पन्नास शंख जसेच्या तसे, वाळूसकट, टाकीच्याच पाण्यात चार बादल्यांत भरले आणि झाकणं लावली. सिन्नरमार्गे सावकाश जा, एवढंच सांगितलं. आठवड्याने त्याचा फोन आला, सगळे मजेत आहेत. किती आहेत, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

ओसींची या उन्हाळ्यातली अकरा पिल्लं छोट्या टाकीत आहेत, पाऊण इंचाची झालीत. पुण्यात असाल तर रविवारी सकाळी या. शंख मात्र तुमचा तुम्ही आणा, रुंद तोंडाचा.